वाकडा बोगदा

आमच्या डोंगराखालच्या बोगद्यात मधेच एक वळण आहे. सरळ चाललेला रस्ता तिथं विनाकारण डावीकडे झुकतो आणि थोडं पुढं जाऊन पुन्हा सरळ होतो. टॅक्सीवाले तिथं भोंगा वाजवतात, बसवाले शिव्या घालतात, आणि पाहुण्यांना आमचं ग्वानाह्वातो शहर दाखवत फिरणारे वाटाडे दर वर्षी त्या जागेची नवी गोष्ट रचतात. कुणी म्हणतं, वर चर्च आहे, त्याचा पाया वाचवायला बोगदा वळवला. कुणी म्हणतं, तिथं चांदी लागली आणि ती इंजिनिअरनं परस्पर लांबवली. मी बोगद्याच्या तोंडाशी माझ्या चुलीपुढं बसून हे सगळं ऐकते. चांदी लागली असती तर या वयात गुडघे धरून मक्याच्या भाकऱ्या थापत बसले असते का मी?

ते वळण माझ्या दाजींचं. तिबुर्सियो मोस्केदा, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस बुटका, खांद्यानं रुंद, आणि बोलण्यात भलताच काटकसरी. लग्नात पाद्रीबाबांनी ‘कबूल आहे का’ विचारलं तेव्हा यांनी नुसती मान हलवली. पाद्रीबाबा म्हणाले, “मान देवाला दिसते रे बाबा, मला ऐकू यायला हवं.” तेव्हा कुठं तोंडातून ‘हो’ निघालं, आणि मागच्या बाकावर बसलेल्या खाणीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मिसरूड फुटायच्या आधी दाजी सांता रीता खाणीत उतरले होते. आमच्याकडे पुरुषाला दुसरं काय असतं? माझा नवराही त्याच खाणीत होता. दगडाची धूळ त्याच्या छातीत बसली ती बसलीच. शेवटी शेवटी तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा, कारण आडवं झालं की श्वास बुडायचा. चाळिशी त्यानं पाहिली नाही. माझ्या बहिणीनं, एउफ्रासिया अक्कानं, त्याची सगळी सेवा माझ्या बरोबरीनं केली, आणि त्याला पुरून आल्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला. दाजींनी खडकातून बाहेर यायचं. उजेडात काम करायचं, आणि दुपारचं जेवण वरच्या घरी येऊन जेवायचं. तिला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

वरचं घर म्हणजे पिएद्रितास गल्लीच्या अगदी माथ्यावरचं. तिथं गाढवं जातात आणि माणसं जातात, चाकाचं काही जात नाही. एकेक दगड पाठीवरून नेऊन दाजींनी ते रविवारी रविवारी बांधलं. अक्कानं त्याला पिवळा रंग दिला, गच्चीवर तेलाच्या डब्यांत फुलझाडं लावली. तिथून सगळं शहर दिसतं, चर्चचे घुमट, नाटकगृह, बाजाराचं छप्पर. पण भर उजेडात त्या गच्चीवर बसलेले दाजी मला आठवत नाहीत. खाणीत जाताना अंधार, येताना अंधार, आणि रविवारी झोप.

मग बोगद्याचं आलं. शहरात मोटारी वाढल्या होत्या आणि रस्ते होते तेवढेच राहिले होते, दोन गाढवं समोरासमोर आली तर एकानं मागं सरायचं इतके रुंद. सरकारनं ठरवलं, वर जागा नाही ना, मग डोंगराच्या पोटातून जायचं. मेक्सिको शहरातून उर्रुतिया नावाचा एक तरुण इंजिनिअर आला. आल्या आल्या त्याच्या माणसांनी वरच्या वस्तीत घरांच्या पायऱ्यांवर, उंबऱ्यांवर, हौदाच्या कठड्यावर लाल रंगाचे ठिपके काढायला सुरुवात केली. म्हणे बोगद्याची रेघ वरून आखत होते. आमच्या बायकांनी काय करावं? उंबऱ्यावर लाल डाग दिसला की राख घेऊन घासून काढला. इंजिनिअर सकाळी रेघ आखायचा, दुपारपर्यंत गल्लीनं ती पुसलेली असायची.

शेवटी तो स्वतः चढून वर आला. धापा टाकत आमच्या अक्काच्या दारात उभा.

“बाई, ही खूण आहे हो. पुसू नका. हिच्याखालून बोगदा जाणार आहे.”

“माझ्या उंबऱ्याखालून?” अक्कानं हातातलं फडकं खाली ठेवलं नाही.

“खूप खालून. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

“खालून जातोय तर खाली रंगवा की! वर कशाला माझी पायरी घाण करता?”

आम्ही सगळ्या हसलो. तो पोरगाही हसला. अक्कानं त्याला बसायला स्टूल दिलं, दालचिनीची कॉफी दिली, आणि तो कप हातात घेऊन म्हणाला की त्याला खाणकामगार हवे आहेत, दगड कळणारे. घरातून दाजी बाहेर आले. रविवार होता. दोघं गच्चीवर उभे राहून बराच वेळ डोंगराकडे पाहत होते. इंजिनिअर हात हलवून बोलत होता आणि दाजी मान हलवत होते. म्हणजे कबूल होतं.

त्या रात्री अक्का भांडी आपटत होती. डॉक्टर तपासून सांगून गेला होता की छातीत धूळ बसायला लागली आहे, आता खडक सोडा. आणि हे पुन्हा खडकातच निघाले होते. दाजींनी बाजू मांडली. त्यांनी इतकी वाक्यं सलग बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

“अगं, खाणीला एकच तोंड. जितकं आत जाल तितकं बाहेर यायला लांब. बोगद्याला दोन. काम करत करत माणूस दुसऱ्या बाजूनं आपोआप बाहेर पडतो.”

“आणि बाहेर पडल्यावर?”

“साहेब म्हणालाय, बाहेरचं काम देईन. गाड्यांवर देखरेख. सावलीत खुर्ची टाकून.”

“म्हणजे दुपारी जेवायला वर याल?”

“येईन.”

“शपथ घ्या.”

भिंतीवर ग्वादालुपे मातेची तसबीर होती. तिच्यापुढं अक्कानं त्यांना उभं केलं आणि वदवून घेतलं. ज्या दिवशी पलीकडचा उजेड दिसेल तो खडकातला शेवटचा दिवस. मी साक्षीला होते. मी म्हटलं, “दाजी, मातेला नुसती मान चालत नाही हं.” तर चक्क मोठ्यानं बोलले.

काम दोन बाजूंनी सुरू झालं. आमच्या बाजूचे मुकादम दाजी, पलीकडच्या बाजूचा नाबोर आगिलेरा. नाबोर म्हणजे दाजींचा खाणीतला जुना जोडीदार, दोघांनी एकाच कंदिलात तेल घातलेलं. दाजी जितके गप्प तितका हा बडबड्या. दोन्ही टोळ्यांत पैज लागली, मेच्या सुरुवातीला पवित्र क्रुसाचा दिवस येतो त्याच्या आत कोण जास्त खोदतो. आमच्याकडे बांधकामावरची माणसं त्या दिवशी कामाच्या जागी फुलांनी आणि रंगीत कागदांनी मढवलेला क्रूस उभा करतात, मालकानं जेवण द्यायचं असतं, दारूही. दोन्ही टोळ्यांनी ठरवलं की यंदाचा क्रूस डोंगराच्या बरोबर मधे, बोगदे मिळतील त्या जागी उभा करायचा.

मी तेव्हाच तोंडाशी चूल मांडली. आत जायची मला बंदी. बाई आत आली की छत खाली येतं अशी त्यांची समजूत, आणि मी कोण त्यांची समजूत काढणार? छत माझ्याशिवायही दोनदा थोडं थोडं खाली आलं, पण तो दोष कुणाच्या माथी मारला ते मी विचारलं नाही. पाळी सुटली की धुळीनं पांढरी झालेली माणसं माझ्यापुढं ओळीनं बसायची, मिरचीत घोळवलेल्या भाकऱ्या खायची, आणि मी आतलं सगळं ऐकायची. त्यामुळं पुढचं जे सांगते आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्या आठवड्यात माझ्या चुलीपुढं दुसरा विषयच नव्हता.

बोगदा सरळ जावा म्हणून उर्रुतियानं छताला दोरीनं दोन ओळंबे टांगले होते. मागच्या ओळंब्यापाशी उभं राहायचं, एक डोळा मिटायचा, दोन्ही दोऱ्या एकमेकींवर आल्या की समोरच्या खडकावर जिथं नजर जाईल तिथं चुन्याची फुली मारायची. फुलीभोवती भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, बाहेर यायचं, उडवायचा. दगड भरून काढला की पुन्हा तेच. इतकं सोपं. फक्त खोदकाम पुढं गेलं की ओळंबेही पुढं न्यावे लागत, आणि ते काम साहेबाचं, कारण त्याला यंत्र लावून मोजावं लागे.

मार्चमध्ये साहेबाला मेक्सिको शहरात बोलावणं आलं. सरकारी कारभार, मंजुरी कुठंतरी अडकली होती. दोन-चार दिवसांत येतो म्हणाला आणि पार एप्रिल सरत आला तरी पत्ता नाही. काम थांबवायचं? क्रुसाचा दिवस तोंडावर, पलीकडून नाबोरचे निरोप येत होते की आम्ही तुमच्या पुढं आहोत, भाकऱ्या खाऊन झोपा. आमची टोळी पेटली. ओळंबे राहिले मागं, आणि फुली नजरेच्या अंदाजानं पडायला लागली.

आणि तेव्हा खडकात पांढरी गारगोटी लागली. एक पट्टा, हाताएवढा रुंद, समोरच्या काळ्या दगडात उजवीकडे तिरका निघालेला. आता हे नीट समजून घ्या. आमच्या माणसांना पिढ्यान् पिढ्या खाणीत एकच शिकवलं. पांढरा पट्टा दिसला की त्याच्यामागं जा, चांदी त्यातच असते. बापानं मुलाला हेच सांगितलं, मुकादमानं टोळीला हेच सांगितलं. तिथं चांदी नव्हती, आणि असती तरी त्यांना ती नको होती. त्यांना रस्ता काढायचा होता. पण हात पट्ट्यामागं गेले. आज फुली वीतभर उजवीकडे, उद्या आणखी वीतभर. पट्ट्याजवळ दगड मऊ, भोक लवकर पडतं, काम झपाट्यानं सरकतं, सगळे खूश. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. कुणाला चुकल्यासारखं वाटलंच नाही. खाणीत वाढलेल्या माणसाला पट्ट्याबरोबर जाणं म्हणजेच सरळ जाणं.

एप्रिलच्या शेवटी दोन्ही बाजूंनी यंत्रं बंद ठेवून कान लावायचं ठरलं. दाजींनी समोरच्या खडकावर हातोड्यानं तीन ठोके दिले आणि सगळे श्वास रोखून उभे राहिले. पलीकडून तीन ठोके आले. पण समोरून आले नाहीत. डावीकडच्या भिंतीतून आले, आणि तेही जरा मागून.

टोळीतला एकजण हसला. म्हणाला, नाबोर चेष्टा करतोय. दाजींनी पुन्हा ठोके दिले. पुन्हा उत्तर डावीकडून, मागून. मग कुणी हसलं नाही. नाबोरच्याही बाजूला कसलासा पट्टा लागला होता, आणि तो शहाणाही आपल्या पट्ट्यामागं भलतीकडे गेला होता. दोन्ही बोगदे एकमेकांना चुकवून पुढं निघाले होते.

त्या दुपारी दाजी बाहेर आले आणि माझ्यासमोर बसले. मी भाकरी पुढं केली, त्यांनी घेतली नाही.

“काय झालं दाजी? पैज हरलात का?”

“सगळेच हरलो,” ते म्हणाले. पुष्कळ वेळ खोकले. मग म्हणाले, “आम्पारो, अक्काला आज काही बोलू नकोस.”

दोन दिवसांनी उर्रुतिया परतला. त्यानं यंत्र लावलं, मोजलं, पुन्हा मोजलं आणि दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसला.

“मुकादम, तिकडे जायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, साहेब. दगड तिकडे चालला होता.”

“दगड चालत नाही, मुकादम. तुम्ही चाललात.”

बरोबरच होतं ते. आणि खरं सांगायचं तर त्या पोरानं आरडाओरडा केला नाही. मी इतके दिवस जायला नको होतं, असंही तो म्हणाला. क्रुसाच्या दिवशी क्रूस बोगद्याच्या तोंडाशीच उभा राहिला, कागदी फुलं वाऱ्यावर फडफडली, दारू आली, पण कुणी गाणं धरलं नाही.

उपाय निघाला तो असा. दोन्ही बोगदे आडवे छेद देऊन जोडायचे, कोपरे तासून गाडी वळेल इतकी जागा करायची आणि चुकीचं खोदलेलं पुन्हा दगडांनी भरायचं. अजून कित्येक महिन्यांचं काम, आणि सगळ्यात वाईट प्रकारचं. भोक पाडताना पाणी सोडलं तर धूळ दबते. पण ऐन उन्हाळा होता, वरच्या वस्तीत प्यायला पाणी नव्हतं, बोगद्याला कोण देणार? कोरडीच भोकं पाडायची. साहेबानं दाजींना बाजूला घेतलं. म्हणाला, तुमच्या छातीचं मला ठाऊक आहे, बाहेरचं काम आजपासून तुमचं. कोपरा नाबोर काढील, त्याची फुफ्फुसं अजून बरी आहेत. खुर्ची तयार होती. खरीखुरी खुर्ची, माझ्या चुलीशेजारी, आंब्याच्या सावलीत.

दाजी नको म्हणाले.

अक्काला ते कळलं तेव्हा मी त्यांच्या घरीच होते. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“अहो, मातेपुढं काय बोलला होतात?”

“पलीकडचा उजेड दिसेल त्या दिवशी. अजून दिसला नाही.”

“वकिली नका करू माझ्याशी. साहेब स्वतः बाहेर या म्हणतोय.”

“वाकडं मी केलं, फ्रासिया. दुसऱ्यानं का निस्तरायचं?”

“एकट्यानं केलं का? नाबोरनंही केलं. त्याला निस्तरू द्या.”

“माझ्या बाजूचा मुकादम मी आहे. उद्या सगळं गाव म्हणेल, मोस्केदानं बोगदा वाकवला आणि खुर्चीत जाऊन बसला.”

“म्हणू दे!” आता मात्र तिचा आवाज चढला. “वाकड्या बोगद्यातूनही मोटारी जातात. गावाला काय, गाव चार दिवस बोलेल आणि विसरेल. आम्पारोच्या नवऱ्याला पाठीला उशा लावून कुणी बसवलं होतं? मी. आठवतं ना त्याचा शेवट? मला पुन्हा ते करायला लावू नका.”

दाजींनी टोपी उचलली. दारात थांबले, माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्यांची बाजू घेईन. मी घेतली नाही. मी म्हटलं, “दाजी, डोंगराला तुमची लाज वाटत नाही. अक्काला तुम्ही हवे आहात.” ते ऐकून त्यांनी नुसती मान हलवली आणि गेले. मला त्या मान हलवण्याचा राग आला. इतकी वर्षं झाली, तो माणूस गेला, तरी तो राग माझ्यात तसाच आहे. कामाची इभ्रत असते, मला कळतं. पण ती इभ्रत पुरुष कमावतात आणि तिची उस्तवार बायकांना करावी लागते.

उन्हाळाभर ते कोपरा काढत राहिले. तोंडावर ओलं फडकं बांधायचे, ते तासाभरात घट्ट कणकेसारखं व्हायचं. पाळी सुटल्यावर आधी भिंतीला धरून उभे राहायचे, मग माझ्यापर्यंत यायचे. खाणं कमी होत गेलं. मी कॉफीत गूळ जास्त घालायची, निदान तेवढं तरी पोटात जावं म्हणून. अक्का बोगद्याच्या तोंडाशी येईनाशी झाली. डबा माझ्याकडे पाठवायची, आणि मी रिकामा परत नेला की उघडून बघायची, खरंच रिकामा आहे का. दोनदा मी उरलेलं कुत्र्याला घातलं होतं. तिनं विचारलं नाही.

पावसाळ्यात एका सकाळी मधला दगड फुटला. भोकातून पलीकडून एक हात आला, नाबोरचा, आणि दाजींनी तो धरला. नाबोर तिकडून ओरडत होता, “कुठं होतास लेका? किती शोधलं तुला!” टोळी नाचली. दाजींना ओरडायला श्वास नव्हता. त्यांनी हात धरून ठेवला, इतका वेळ की नाबोर म्हणाला, अरे सोड, अवघडला. मग ते बाहेर आले, हत्यार भिंतीशी टेकवलं आणि मला म्हणाले, “अक्काला सांग, झालं.”

वळण मात्र राहिलंच. कितीही तासलं तरी चूक ती चूक, फक्त गाडी जाईल एवढी तिला जागा मिळाली.

त्यानंतर दाजी बाहेरच्या खुर्चीवर बसले, पण कामाच्या घाईत दुपारी सुटका व्हायची नाही, आणि रात्री अंधारात थांबत थांबत ते कसेबसे वर चढायचे. नोव्हेंबरात बोगदा खुला झाला. बँडवाले आले, मोठे साहेब आले, फीत कापली. उर्रुतियानं दाजींना आपल्या मोटारीत पुढं बसवलं आणि या तोंडातून त्या तोंडापर्यंत नेऊन परत आणलं. मग आमच्या गल्लीच्या पायथ्याशी सोडलं. दुपार होती, ऊन होतं. अक्का वर सकाळपासून खपत होती. मटण शिजवलं होतं, गच्चीवर टेबल मांडलं होतं, नवी चादर. दिवसाउजेडी नवरा जेवायला घरी येणार होता.

गल्लीत चढताना तीन टप्पे लागतात. आधी न्हाव्याचं दुकान, मग पाण्याचा हौद, मग मोठं संत्र्याचं झाड, आणि मग पिवळं घर. दाजी झाडापर्यंत गेले आणि खाली बसले. मी बरोबर होते. पाठ चोळली, पाणी दिलं. ते वर पाहत होते, घर समोर दिसत होतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. उठायचे, चार पायऱ्या चढायचे, पुन्हा बसायचे. ओठ निळे पडले. अक्का गच्चीवरून बघत होती. थोड्या वेळानं ती आत गेली आणि ताट घेऊन खाली आली. झाडाखाली बसून त्यांनी जेवण केलं. जाणारे येणारे म्हणत होते, काय मोस्केदा, सहलीला आलात का? अक्का म्हणाली, “हो. तुम्ही पण बसा.”

ती रात्र दाजींनी माझ्या खोलीवर काढली, खाली, रस्त्यालगत. म्हणाले, उद्या चढतो. दुसऱ्या दिवशी झाडापर्यंत पुन्हा गेले. काही आठवडे तसंच चाललं, रोज दुपारी झाड, रोज वरून ताट. मग ताट हौदापर्यंत यायला लागलं. अक्कानं कधी एका शब्दानं विचारलं नाही की आज झाडापाशी का नाही. ती वरून बघायची, कुठं थांबलेत, आणि तिथवर यायची. नाताळच्या आसपास ताट न्हाव्याच्या दुकानाशी आलं. न्हाव्यानं आपली एक जुनी खुर्ची बाहेर काढून दिली. दाजी तिच्यात बसायचे, एखादा दाढीला आलेला माणूस त्यांना बोगद्याच्या वळणावरून छेडायचा, आणि ते हसायला जायचे की खोकला लागायचा.

“उद्या नक्की वर येतो, फ्रासिया.”

“या की. घाई कुठं आहे?”

“वळण काही गेलं नाही बघ.”

“जेवा. गार होतंय.”

जानेवारीत अक्कानं पिवळ्या घराला कुलूप घातलं आणि गादी, भांडी, तसबीर सगळं स्वतः डोक्यावरून खाली आणलं. माझ्या एका खोलीत आम्ही तिघं. दारापुढून मोटारी जायच्या, धूर आत यायचा, अक्का दार लावायची, दाजींना कोंडल्यासारखं व्हायचं, मग पुन्हा उघडायची. तिनं उशा रचून त्यांना भिंतीशी बसवायला सुरुवात केली. मी मदतीला गेले तर म्हणाली, “राहू दे, मला येतं हे.” एका पहाटे ते तसेच बसलेले असताना गेले. अक्कानं त्यांचे डोळे मिटले आणि मला म्हणाली, आता यांना घरी नेऊ या.

आमच्याकडे माणसाला आदल्या रात्री त्याच्या घरात ठेवतात, सगळे जागतात, मग पुरायला नेतात. घर वर. पेटी उचलायला दोन्ही टोळ्या आल्या, नाबोर पुढं. सगळे खाणीतलेच, प्रत्येकाच्या छातीतून भात्यासारखा आवाज येत होता. न्हाव्याच्या दुकानाशी पोचेपर्यंत ते घामाघूम झाले. नाबोर म्हणाला, “इथं जरा टेकवू या. खांदे बदलू.”

अक्का मागून चालत होती. ती म्हणाली, “इथं नको टेकवू, नाबोर. इथं ते पुष्कळ टेकले.”

नाबोरनं खांदा बदलला नाही, थांबला नाही. कुणीच थांबलं नाही. धापा टाकत, भिंतींना धरत, ती सगळी माणसं दाजींना तशीच वर नेत राहिली.